एकोणीस दिवसांचा फरक

मधुसूदन वैजापूरकरांनी आयुष्यात दुसऱ्यांच्या वह्या इतक्या तपासल्या होत्या, की आपली वही कधी कुणी तपासेल ही शक्यता त्यांनी धरलीच नव्हती. छत्तीस वर्षं सरकारी लेखापरीक्षणात गेली. साहेबांची जीप दिसली की ग्रामसेवक पाण्याचा ग्लास शोधायचे. साहेबांसाठी नव्हे, स्वतःसाठी. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, म्हणून यांनी घर बांधायला काढलं, असं कालिंदीबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. नवऱ्याबद्दलच्या त्यांच्या बोलण्यात विनोद कमी आणि नोंद जास्त असायची.

त्या घराची वही आज रविवारी सकाळी गारखेड्यातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर ठेवली होती आणि सगळे वैजापूरकर तिच्याभोवती पत्रिका जुळवायला बसल्यासारखे बसले होते.

मंगळवारी ग्राहक आयोगात तारीख होती. वर्षभरात घर बांधून देण्याचा करार करून चारशे बारा दिवस उशीर लावला, म्हणून गुत्तेदार रामकिसनवर मधुसूदनरावांनी डिसेंबरात तक्रार ठोकली होती. मसुदा तनुजानं केला. ती कालिंदीबाईंच्या बहिणीची मुलगी, वकिलीत आठ वर्षं मुरलेली. तिच्या मसुद्यात दहा परिच्छेद होते. अकरावा मधुसूदनरावांनी स्वतःच्या हातानं जोडला: ‘तक्रारदाराने बांधकामाची दैनंदिन नोंदवही ठेवली असून, प्रत्येक नोंदीखाली गुत्तेदाराची सही आहे.’

“काका, हे कशाला?” तनुजानं तेव्हाच विचारलं होतं.

“पुरावा आहे,” काका म्हणाले होते.

आता रामकिसनच्या वकिलानं दुसरं काहीच मागितलं नव्हतं. फक्त परिच्छेद अकरामधली वही हजर करा, म्हणत होता.

“ती हजर करण्याआधी मला कळू दे, तिच्यात आहे काय,” तनुजा कागदावर उभी रेघ मारत म्हणाली. “काम थांबलेले दिवस वाचा, कारणासकट. हा खाना आपल्यामुळे, हा त्याच्यामुळे.”

वाचायचं कुणी, हा प्रश्न नव्हता. मधुसूदनरावांचं अक्षर त्यांच्याशिवाय कुणाला लागत नसे. आजवर ही गोष्ट त्यांना उणीव वाटायची. आज पहिल्यांदाच सोय वाटली. कारण वहीत एक पान असं होतं, की ते या घरात कुणाच्या कानावर जाऊ नये म्हणून पहाटेपासून त्यांची देवाशी घासाघीस चालली होती.

“उन्हाळा. पाणी नाही,” त्यांनी चष्मा सावरून सुरुवात केली. “अठ्ठावन्न दिवस.”

“पाणी कुणी द्यायचं होतं?”

“करारात मालकानं. पण आपल्याकडं नळाला आठव्या दिवशी पाणी. मी काय करणार?”

“टँकर,” हिमांशू म्हणाला. हा थोरला, चिकलठाण्याच्या कारखान्यात खरेदी विभागात. “पण बाबा, तुम्ही तीन टँकरवाल्यांकडून दरपत्रकं मागवली होती. तिसऱ्याचं यायच्या आत पावसाळा आला.”

“पद्धत असते एक.”

“आपला खाना,” तनुजा म्हणाली. “पुढं.”

“अधिक महिना, तीस. चुलत्यांचं सुतक, तेरा. पितृपक्ष, सोळा.”

“रामकिसनला नव्हता का पितृपक्ष?”

“होता. पण तो म्हणाला, काका, माझे पितर गवंडीच व्हते, त्यांना थांबलेलं काम आवडायचं नाय.” मधुसूदनरावांनी हे वाक्यसुद्धा तेव्हा शेऱ्याच्या खान्यात जसंच्या तसं लिहून ठेवलं होतं. त्यांना आपल्या या नेमकेपणाचा आता हळूहळू राग यायला लागला होता.

धाकटा मिहिर खुर्ची मागं रेलून हसला. तो कालच पुण्याहून आलेला. “म्हणजे दादा, केस रामकिसनवर नाही, बाबांवर टाकायला पाहिजे होती.”

“मी आधीपासून हेच म्हणतोय,” हिमांशू म्हणाला आणि भावाभावांचं बऱ्याच वर्षांनी एकमत झालं. ते साधारण पाऊण मिनिट टिकलं.

“नोव्हेंबर,” वडील वाचू लागले. “पोर्चचा खांब पाडून सरकवणे. अडतीस दिवस. कारण: चि. हिमांशूने दसऱ्याला घेतलेली गाडी पोर्चपेक्षा फूटभर लांब.”

मिहिरनं टाळी द्यायला हात पुढं केला. तो स्वरालीनं, म्हणजे हिमांशूच्या बायकोनं घेतला.

“मी म्हणत होते, आधी पोर्च मोजा,” ती म्हणाली.

“मोजण्याबद्दल तू बोलू नकोस,” हिमांशू म्हणाला.

मधुसूदनरावांनी पान उलटलं.

पान जानेवारीचं होतं. त्यांनी ते डोळ्यांनी वाचलं, तोंडानं नाही. ‘स्वयंपाकघराची आतील लांबी दहा फूट एक इंच. नकाशात दहा फूट. भिंत चुकली. पाडून एक इंच आत घेण्यास सांगितले.’ पलीकडचं देवघर त्यांनी मोजलंच नव्हतं. स्वयंपाकघर इंचभर मोठं, म्हणजे देवघर इंचभर लहान, अशी त्यांनी कागदावर वजाबाकी केली होती. भिंत पाडून पुन्हा उभी करायला एकोणीस दिवस गेले. एकोणिसाव्या दिवशी शेरा होता: ‘आज आपला टेप तपासला. पुढील पत्रीसह पहिला इंच तुटलेला आढळला. मूळ भिंत बरोबर होती.’ खाली दोन सह्या.

टेप नोकरीतला. पहिला इंच नेमका कधी गळाला, देव जाणे. त्यापायी किती गावांच्या शाळाखोल्या आपण इंचभर लांब ठरवल्या असतील, हा विचार त्यांनी मनाच्या दारातच अडवला होता. खोटं लिहायची त्यांना सवय नव्हती. खरं बोलायची सवय आहे की नाही, हे तपासायची वेळ तोवर आली नव्हती. मग तक्रारीचा सातवा परिच्छेद आला: ‘गुत्तेदाराने स्वयंपाकघराची भिंत चुकीची बांधल्याने ती पाडावी लागली.’ सगळ्या तक्रारीतलं हे सर्वांत जोरकस वाक्य. घरात तोवर सगळे तेच धरून चालले होते, तनुजानं ते तसंच उतरवलं आणि त्याखाली शपथेवर मधुसूदनरावांनी सही केली.

आता हे दिवस रामकिसनच्या खान्यात वाचायचे, तर वहीसमोर खोटं. आपल्या खान्यात वाचायचे, तर घरासमोर खरं. त्यांनी अंगठा ओला केला आणि दोन पानं एकदम उलटली.

“मार्च. ओट्यात बदल. तेवीस दिवस. कारण: सौ. स्वरालीने घेतलेला फ्रिज ठरवलेल्या जागेत बसत नाही.”

सगळ्यांच्या माना हॉलकडं वळल्या. फ्रिज तिथंच उभा होता. दोन दारांचा, उंचापुरा, तेरा महिने प्लास्टिकमध्ये. भाड्याच्या स्वयंपाकघराच्या दारातून तो आत जात नव्हता आणि नव्या घरात ओटा बदलूनही अर्ध्या इंचासाठी मावत नव्हता. त्याच्या डोक्यावर हल्ली कालिंदीबाईंची गुडघ्याची तेलं आणि इस्त्रीचे कपडे असायचे.

“तरी मी म्हणत होते, एवढं धूड कशाला?” कालिंदीबाई म्हणाल्या. “गणिताच्या बाई ना तुम्ही!”

“आई, नकाशात बत्तीस इंच जागा होती. फ्रिज साडेएकतीस. मी दुकानात टेप घेऊन उभी होते.”

“आणि जागा निघाली एकतीस,” हिमांशू म्हणाला. “टेप उलटा धरला असशील.”

स्वराली शाळेत आठवीला भूमिती शिकवायची. पहिले दोन महिने तिनं हे भांडण आकडे देऊन लढवलं. नंतर आकडे सोडून दिले. हल्ली ती फक्त ओठ मिटून घ्यायची. तसे तिनं आता मिटले. मधुसूदनरावांनी ताकाचा पेला उचलला, तो रिकामा आहे हे पाहिलं आणि तरीही त्यातून एक घोट घेतला.

“पुढं वाचते मी, काका दमलेत,” असं कुणी म्हणालं नाही. अक्षराची सोय त्यांच्या अंगावर उलटली होती. त्यांनीच वाचलं. स्लॅबवर टिटवीनं अंडी घातली, सौ.चं म्हणणं, पिल्लं उतरेपर्यंत वर कुणी जायचं नाही, सव्वीस दिवस. टिटवी अशुभ म्हणून शांती, एक दिवस.

“पाखरालाही जीव असतो,” कालिंदीबाई कुणी विचारायच्या आत म्हणाल्या.

“मग शांती कशाची केली?” तनुजानं विचारलं.

“ती यांची.”

मग मिहिरचा जिना. तो आतून होता. मिहिरनं पुण्याहून फोनवर तो बाहेरून करायला लावला, वरचा मजला आपला स्वतंत्र राहावा म्हणून. एक्केचाळीस दिवस. एवढा वेळ टाळ्या देणारा मिहिर आता मोबाइलमध्ये काहीतरी तातडीचं शोधू लागला. मग फरशीचा रंग, छत्तीस. तो सासू-सुनेनं मिळून तीनदा बदलला होता. दोघींचं एकमत झाल्याचा दोन वर्षांतला तो एकच पुरावा. आणि दुसरा पितृपक्ष, सोळा.

“आणि रामकिसनचे?”

“मजूर कापूस वेचणीला गेले ते, आणि त्याची आई दवाखान्यात होती ते. पंच्याण्णव.”

तनुजानं बेरीज केली. पेन ठेवलं. चष्मा काढला.

“आपले दोनशे अठ्ठ्याण्णव,” ती म्हणाली. “त्याचे पंच्याण्णव. काका, ही वही मी आयोगात ठेवली, तर रामकिसनला वकिलाची गरजच नाही.”

“वही हरवली म्हणू,” मिहिर म्हणाला.

“शपथेवर?”

“नवी लिहून काढू. बाबांकडं तसलं पेन आहे अजून,” हिमांशू म्हणाला.

“आणि चारशे नोंदींखाली त्याच्या सह्या कोण करणार? तू?”

“थांबा,” स्वराली म्हणाली. ती उलट्या बाजूनं तनुजाचा कागद वाचत होती. “दोनशे अठ्ठ्याण्णव आणि पंच्याण्णव, तीनशे त्र्याण्णव होतात. तक्रारीत चारशे बारा आहेत. एकोणीस दिवस कुठं गेले?”

ताळा लागत नव्हता. छत्तीस वर्षं हे वाक्य मधुसूदनराव दुसऱ्यांना ऐकवत आले होते आणि समोरच्याच्या कपाळावर घाम येताना पाहत आले होते. तो कुठून सुरू होतो, हे त्यांना आता कळलं. मानेच्या मागून.

“जानेवारीतले ते,” हिमांशू म्हणाला. “भिंत पाडली होती ना त्यानं चुकवून? बाबा, ते वाचायचे राहिले तुमचे.”

“हो ना,” मिहिर म्हणाला. “टाक त्याच्या खान्यात.”

तनुजानं पंच्याण्णव खोडून एकशे चौदा लिहिले. मधुसूदनरावांनी ते लिहू दिले.

तेवढ्यात बेल वाजली. दारात रामकिसन उभा होता. तीन मजले चढून दमलेला, हातात मोसंब्यांची पिशवी.

“मी बोलावलंय त्याला,” कालिंदीबाई म्हणाल्या.

“मावशी! समोरच्या पक्षाला असं परस्पर… त्याचा वकील नसताना मला नाही बोलता येत.”

“तू नको बोलूस. मी बोलते. दोन वर्षं चहा पाजलाय त्याला.” त्यांनी रामकिसनला खुर्ची दाखवली आणि मग सगळ्यांकडं पाहून, आवाज न चढवता बोलल्या. “घरमालकानं पाडव्याला फ्लॅट रिकामा मागितलाय. या जिन्याला चोपन्न पायऱ्या आहेत. दिवाळीनंतर मी खाली उतरलेले नाही. तुमचे हे खाने भरून निकाल लागेपर्यंत मी उतरेन ती चौघांच्या खांद्यावर. मला माझ्या घराच्या पायरीवर बसून भाजी निवडायचीय. एवढंच आहे. बोल रामकिसन.”

“काकू, म्या कामाला कवाच नाय म्हनलो नाय,” रामकिसन म्हणाला. “केस हाय तवर तिथं पाय ठेवू नको, असं आमचा वकील म्हनतो. केस मिटली की दीड महिन्याचं काम हाय. दारं, रंग, फिटिंग.”

“मिटेल,” हिमांशू म्हणाला. “तुझ्याकडचे एकशे चौदा दिवस तू लेखी कबूल कर. बाकीचे आम्ही सोडतो.”

रामकिसननं बोटांची पेरं मोजली. “माझे पंच्याण्णव व्हतेत.”

“आणि भिंतीचे एकोणीस.”

रामकिसननं मधुसूदनरावांकडं पाहिलं. मग वहीकडं. मग त्यानं हातातली पिशवी खाली ठेवली आणि एक मोसंबं घरंगळत टेबलाखाली गेलं, ते वाकून उचललं. वर आला तेव्हा त्याचा चेहरा नेहमीसारखा होता.

“व्हय,” तो म्हणाला. “भिंतीचे बी लिवा माझ्याच नावावर. काकूचं काम व्हऊ द्या.”

मधुसूदनरावांना चोर पकडायची सवय होती. चोराला वाचवण्यासाठी कुणी पुढं आलेलं त्यांनी नोकरीत पाहिलं नव्हतं आणि इथं तर चोराच्या खुर्चीत ते स्वतः बसले होते. त्यांनी वही ओढली. पानं उलटत जानेवारीपर्यंत मागं गेले.

“जानेवारी. एकोणीस दिवस,” त्यांनी वाचलं. आणि मग शेरा वाचला. टेपचा. पहिल्या इंचाचा. ‘मूळ भिंत बरोबर होती.’ पूर्णविरामासकट.

फ्रिजचं प्लास्टिक पंख्याच्या वाऱ्यानं फडफडत होतं.

“म्हणजे भिंत आत आली,” स्वराली सावकाश म्हणाली. “एक इंच. स्वयंपाकघरात.”

“हो.”

“बत्तीसचे एकतीस झाले.”

“हो.”

“तेरा महिने, बाबा!”

“पाच-सहा वेळा तोंडाशी आलं होतं,” मधुसूदनराव म्हणाले.

“मग?” हे कालिंदीबाईंनी विचारलं. “मग काय झालं? मी हिला रोज बोलत होते. फ्रिजवरून, मोजण्यावरून, हिच्या शाळेवरून, माहेरावरून. आणि तुम्ही समोर बसून काय करत होतात?”

“ताक पीत होतो,” मधुसूदनराव म्हणाले. ते उत्तर द्यायचं म्हणून नव्हतं. तेच खरं होतं आणि आज वाचायला सुरुवात झालीच होती.

तनुजानं कपाळाला हात लावला. “काका, परिच्छेद सात शपथेवर आहे.”

“माहीत आहे. म्हणून तर.”

“आणि तू?” हिमांशू रामकिसनवर घसरला, कारण कुणावर तरी घसरणं भाग होतं. “तुला ठाऊक होतं, तर बोलला का नाहीस?”

“काकांनी लिवलं, म्या सही केली. मला वाटलं, घरात समद्यांना ठावं हाय. मंग केसचा कागद आला, त्यात तीच भिंत. तवा समजलं की नाय ठावं.” रामकिसननं पुन्हा वहीकडं पाहिलं. “अन टेपचं म्या पयल्याच दिशी म्हनलो व्हतो. म्हनलं, काका, माझ्या टेपनं मोजू. तर म्हनले, गुत्तेदाराचा टेप गुत्तेदाराच्याच बाजूनं मोजतो.”

आधी मिहिर हसला. मग तनुजा, वकिलाला न शोभेलसं. स्वराली हसली नाही. ती उठली, फ्रिजजवळ गेली, त्याच्या डोक्यावरची तेलाची बाटली उचलून सासूबाईंच्या पुढ्यात ठेवली, इस्त्रीचे कपडे नवऱ्याच्या मांडीवर ठेवले आणि परत येऊन बसली.

“कपडे आता तुमचे तुम्ही ठेवा,” ती म्हणाली.

“ठेवतो,” हिमांशू म्हणाला.

“स्वराली,” कालिंदीबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतलं एक मोसंबं काढून सोलायला घेतलं. सोललेल्या पहिल्या फोडी त्यांनी सुनेपुढं ठेवल्या. स्वरालीनं त्या लगेच खाल्ल्या नाहीत. पण बाजूलाही सारल्या नाहीत.

पुढचं तनुजानं भराभर उरकलं. मंगळवारी आधी भिंतीचा आरोप खोटा असल्याचं काका स्वतः लिहून देतील. मग दोन्ही बाजूंनी तडजोडीची पुरसीस, म्हणजे दोघांच्या सहीचं लेखी निवेदन. त्याच्या वकिलाशी ती आजच बोलेल. पाडव्याआधी घर ताब्यात. उशिराबद्दल कुणी कुणाकडून काही मागायचं नाही.

“वहिनी, भिंत पुन्हा इंचभर सरकवून देऊ का?” रामकिसननं विचारलं. “फ्रिज बसंल. आठ-दहा दिवस लागत्यान.”

“नको!” सहा जणांनी एकदम म्हटलं. वैजापूरकरांच्या घरात एवढं मोठं एकमत टिटवीवरूनही झालं नव्हतं.

“देवघरात ठेवू फ्रिज,” स्वराली म्हणाली. “तिथं एक इंच जास्त आहे.”

आता मात्र ती हसली आणि तिनं पहिली फोड तोंडात टाकली. देव आणि फ्रिज यांच्या शेजाराबद्दल मधुसूदनरावांना शास्त्राधार आठवत होता. तो त्यांनी गिळला.

“मंग बुधवारी सकाळी सातला मानसं आनतो,” रामकिसन उठत म्हणाला. “नाय तर असं करा, आजच सुरू करतो. वकिलाला फोन लावतो, त्यानं व्हय म्हनलं की दुपारी साडेचारला दोघं जन दारं घासायला लावतो.”

“रविवारी साडेचारला राहू…” मधुसूदनराव म्हणाले आणि थांबले. कालिंदीबाई नुसत्या पाहत होत्या, हातात मोसंब्याची सोललेली साल धरून.

“…राहू दे,” ते म्हणाले. “म्हणजे, चहा मी पाठवतो. तुम्ही आणू नका.”

त्यांनी वही उघडली, आजची तारीख घातली. ‘थांबण्याचे कारण’ या खान्यात बराच वेळ पेन टेकवून ठेवलं आणि शेवटी लिहिलं: ‘आम्ही.’ सही केली. सवयीनं वही रामकिसनपुढं सरकवली.

रामकिसननं दोन वर्षांत पहिल्यांदा नोंद वाचली. अक्षर लागेना, तरी बोट खाली धरून वाचली. मग सही केली आणि पँटच्या खिशातून आपला पिवळा टेप काढून वहीवर ठेवला.

“ह्यो ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी, काका. पयल्या इंचापासून हाय.”

मधुसूदनरावांनी टेप हातात घेतला. सगळं घर पाहत होतं, हे त्यांना कळत होतं. न पाहता खिशात टाकावा, हे शोभलं असतं, हेही कळत होतं. त्यांनी पत्री बोटांत धरली, टेप जरासा ओढला, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ नेला आणि पहिला इंच आहे की नाही, ते नीट पाहिलं.

होता.